चळवळ्या पोराला अभ्यासाआधी पळवायचं की आधी बसवायचं? बेळगावातल्या तिघांची मतं

बालवाडी शिक्षिका, शहापूर
चार-पाच वर्षांचं चळवळं पोर घरी आलं की हातपाय धुऊन थेट पाटीसमोर बसवायचं, ही रीत चुकीची. आधी वीस मिनिटं अंग मोकळं होऊ द्या. जुलैत खानापूरकडं अंगण म्हणजे नुसता चिखल, तेव्हा घरातच करा: भिंतीला दोन्ही तळवे लावून दहा मोजेपर्यंत ढकलणं, पाच वेळा, पुढच्या सोप्यातून स्वयंपाकघरापर्यंत बेडूकउड्या, शेवटी काठोकाठ भरलेला तांब्या न सांडता देवापर्यंत नेणं. तांब्या गाळू नका. उड्या थांबवून लगेच पुस्तक उघडलं तर पोर आणखी उधळतं, मधे संथ काम लागतंच. मग सात-आठ मिनिटं लिखाण. खुर्चीवर बसत असेल तर पायाखाली पाट द्या. लोंबकळणारे पाय हलणारच, आणि आपण त्याला चुळबुळ म्हणतो.

शिकवणीवाले, वडगाव
नाही पटत. पळवल्याशिवाय बसायचंच नाही अशी सवय लागली, तर वर्गात कोण पळवणार ओ? बसणंच वाढवा. 3 मिनिटांपासून सुरू करा, चार-पाच दिवस जमलं की 1 मिनिट चढवा. सुटी पोर उठायच्या आधी द्यायची. उठल्यावर दिली तर ‘उठलं की सुटका’ एवढंच ते शिकतं. आणि कुंदा (आपली खव्याची मिठाई) कमी करा, साखरेनंच पोरं नाचतात.

बालविकास समुपदेशक, टिळकवाडी
साखरेचं राहू द्या की. मुलांना आणि पालकांना कळू न देता साखर किंवा नुसतं गोडीचं द्रव्य दिलेल्या चाचण्यांचा एकत्रित आढावा 1995 मध्ये आला. वागण्यात फरक दिसला नाही. कुंदा दातांसाठी कमी करा. झोप मोजा: जागतिक आरोग्य संघटना 3-4 वर्षांच्या मुलांना 10 ते 13 तास सांगते.

आपल्या भागात एक गफलत हमखास होते. घरी मराठी, शाळेत कन्नड. बाई ‘कुंद्रू’ (कन्नडात ‘बस’) म्हणतात आणि पोर उभंच, की शेरा आला ‘लक्ष नाही’. तीच सूचना मराठीत देऊन बघा: नाव घ्या, डोळ्यांसमोर बसा, एकच काम सांगा, पाच सेकंद गप्प राहा. तरी ऐकलं नाही तर आधी कान तपासा. सर्दी मुरून कानाच्या पडद्याआड पाणी साचलेलं असू शकतं. एडीएचडी (लक्ष न टिकण्याचा, अतिचंचलपणाचा विकार) म्हणायला लक्षणं किमान 6 महिने आणि घर-शाळा अशा दोन ठिकाणी तरी दिसावी लागतात. वर्गातल्या सगळ्यांत लहान पोरावर हा शिक्का जास्त बसतो. कर्नाटकात 2025-26 साठी पहिलीचं वय 6 वरून 5 वर्षं 5 महिन्यांवर आणलं होतं, त्या वर्गात तर हे बघाच.

शिकवणीवाले, वडगाव
भाषेचं मान्य. पळवण्याचं नाही.

बालवाडी शिक्षिका, शहापूर
पोर उठायच्या आधी सुटी, हे मात्र बरोबर आहे. पण वर्गात तांब्या नसला तरी फळा पुसणं आहे, वह्या वाटणं आहे. ही कामं नेहमी शांत पोरांनाच का देता?