हर्बर्ट चॅपमन: आर्सेनलच्या आधीच्या वर्षांबद्दल मदत हवी आहे

मंडळी,

दिवाळी अंकासाठी इंग्लंडचा जुना फुटबॉल मॅनेजर हर्बर्ट चॅपमन याच्यावर लेख लिहितोय. हडर्सफील्ड क्लबला १९२२ चा एफए कप (इंग्लंडची बाद फेरीची स्पर्धा), मग लागोपाठ दोन लीग विजेतेपदं, १९२५ पासून आर्सेनल क्लब, हे सगळं सहज वाचायला मिळतं. माझं घोडं अडलंय त्याच्या आधीच्या काळापाशी. मला तर वाटतं, तो मॅनेजर म्हणून घडला तो तिथेच.

खेळाडू म्हणून चॅपमन बेताचाच. जन्म १८७८, यॉर्कशरच्या किव्हेटन पार्कमधल्या खाणकामगाराचा मुलगा, स्वतः खाण अभियांत्रिकी शिकलेला. ग्रिम्सबी, स्विंडन, शेफील्ड युनायटेड, नॉट्स काउंटी, टॉटनहॅम असे कितीतरी क्लब फिरला. धाकटा भाऊ हॅरी मात्र शेफील्डच्याच वेन्सडे क्लबकडून १९०३ आणि १९०४ मध्ये लीग जिंकला. टॉटनहॅमला असताना हर्बर्ट पिवळे बूट घालायचा, सोबत्यांना आपण चटकन दिसावं म्हणून! पुढे १९२८ मध्ये आर्सेनलच्या शर्टांवर नंबर आले, १९३३ मध्ये लाल शर्टाला पांढऱ्या बाह्या आल्या. मला यात एकच विचार दिसतो: मान वर करताच आपला माणूस ओळखू आला पाहिजे. हा धागा जोडणं तुम्हाला पटतं का? ओढूनताणून वाटत असेल तर स्पष्ट सांगा.

दुसरा प्रश्न नॉर्दॅम्प्टन क्लबचा. १९०७ मध्ये तो तिथे खेळाडू-मॅनेजर झाला. सदर्न लीगमध्ये (मुख्यतः दक्षिण इंग्लंडमधल्या क्लबांची स्पर्धा) तळाला गेलेला हा संघ १९०९ मध्ये विजेता ठरला. चॅपमनच्या लक्षात आलं होतं की सतत चढाई केली की समोरचा अख्खा संघ गोलपुढे गर्दी करतो आणि मग वाटच उरत नाही. म्हणून हाफबॅक (बचावफळी आणि आघाडीच्या मधले खेळाडू) मुद्दाम मागे ठेवायचे, प्रतिस्पर्ध्याला पुढे येऊ द्यायचं आणि त्याच्या पाठीमागे जागा मोकळी झाली की झटकन घुसायचं. फुटबॉल फारसा न पाहणाऱ्या वाचकाला एवढ्यावरून चित्र डोळ्यांसमोर येतं का? की आकृती द्यावी? अंकात अर्ध्या पानाची जागा मिळू शकते.

पुढे चॅपमन मॅनेजर असलेल्या लीड्स सिटी क्लबचं १९१९ चं प्रकरण (क्लबची लीगमधून हकालपट्टी) स्वतंत्र लेखाचा विषय आहे, ते इथे घेत नाहीये.

इंग्लंडमधल्या मराठी मंडळींना खास विनंती. नॉर्दॅम्प्टनच्या आसपास कोणी राहत असेल तर तिथल्या ग्रंथालयात जुनी स्थानिक वर्तमानपत्रं चाळून बघता येतील का? १९०८-०९ च्या मोसमातला एखादा सविस्तर वृत्तांत हवा आहे, ज्यात हाफबॅक कुठे खेळत होते याचा उल्लेख असेल. पानाचा मोबाइलवर काढलेला फोटोही चालेल, फक्त तारीख दिसू द्या.