नॅव्ह 2018: लायसन्समधली दहाही टेबलं संपली, टेंपररी टेबलवर भागेल का?

कोड_कामगार
ग्राहकाकडे डायनॅमिक्स नॅव्ह 2018 (मायक्रोसॉफ्टचं हिशेब आणि व्यवसायाचं सॉफ्टवेअर) आहे, स्वतःच्या सर्व्हरवर. लायसन्समध्ये स्वतः बनवायला 50000 ते 50009 ही दहाच टेबलं आणि दहाही वापरात. आता पेजवर ग्राहक, आयटम आणि महिना अशी विक्री दाखवायची आहे. पेज बंद झाल्यावर डेटा गेला तरी चालेल. नेम/व्हॅल्यू बफर (नॅव्हमधलं तयार टेबल) पाहिलं, पण त्यात सगळं टेक्स्ट. रकमेची बेरीज कशी करणार? नवीन टेबल विकत घ्यायला ग्राहक तयार नाही.

खतावणी
नवीन टेबल लागतच नाही. व्हॅल्यू एन्ट्री (5802, मालाच्या रकमांच्या नोंदींचं नॅव्हचं तयार टेबल) हेच टेंपररी व्हेरिएबल म्हणून घ्या. सोर्स नंबरमध्ये ग्राहक, आयटम नंबर, पोस्टिंग डेटमध्ये महिन्याची पहिली तारीख आणि सेल्स अमाउंट (अ‍ॅक्च्युअल) मध्ये बेरीज, म्हणजे लागणारी चारही फील्डं तयार आहेत. खऱ्या 5802 मध्ये थेट लिहायला लायसन्स अडवतं. टेंपररी प्रत सर्व्हरच्या मेमरीत राहते, एसक्यूएल डेटाबेसपर्यंत जातच नाही, म्हणून तिथे आडकाठी नाही.

खऱ्या टेबलवर आयटम लेजर एन्ट्री टाइप = सेल आणि तारखेचा फिल्टर लावून लूप फिरवा. प्रत्येक ओळीसाठी टेंपररीत ग्राहक, आयटम, तारीख यांवर सेटरेंज (फिल्टर) करा. ओळ सापडली तर रक्कम मिळवून मॉडिफाय. नाही तर इनिट करून एन्ट्री नंबर स्वतः एकाने वाढवा आणि इन्सर्ट. पेजवर सोर्सटेबलटेंपररी = येस ठेवा, एडिटेबल = नो, आणि भरण्याचं काम ऑनओपनपेजमध्ये (पेज उघडताना चालणारा कोड).

ओळी लाखांत असतील तर लूपऐवजी क्वेरी ऑब्जेक्ट बरा. त्यात तारखेच्या कॉलमला मंथ आणि इयर मेथड लावता येते, रकमेला सम. गट एसक्यूएल पाडतो, तुम्ही फक्त निकाल टेंपररीत ओतायचा. क्वेरींची मोजणी लायसन्समध्ये टेबलांपासून वेगळी असते.

कोड_कामगार
धन्यवाद. भरण्याचा कोड कोडयुनिटमध्ये (फक्त कोडचा वेगळा ऑब्जेक्ट) ठेवला तर पेजवर रिकामं दिसतंय. आणि 50010 नंबरचं टेबल बनवून फक्त टेंपररी वापरलं तर?

खतावणी
पॅरामीटरला व्हार (प्रत नाही, मूळ व्हेरिएबलच पाठवणारी खूण) आणि टेंपररी दोन्ही आहेत ना बघा. नुसतं := केलं तर एक ओळ येते, टेबल येत नाही. अख्खं टेबल हवं तर रेक.कॉपी(टेंपव्हीई, ट्रू), याने दोन्ही व्हेरिएबलं एकाच डेटाकडे बघतात.

50010 बद्दल: ऑब्जेक्ट इंपोर्ट करताना, कंपाइल करताना त्या नंबरचा हक्क लागतो, म्हणजे दर बदलाला पार्टनरचं (नॅव्ह विकणाऱ्या-बसवणाऱ्या कंपनीचं) लायसन्स चढवा-उतरवा. शिवाय उद्या कोणी व्हेरिएबलवरचं टेंपररी काढलं की ग्राहकाकडे परवानगीची एरर. करारात बसतं का हेही आधी बघा. तयार टेबल असताना मी त्या वाटेला जाणार नाही.

रोलबॅक_राव
वरचं बरोबर, पण धोका वेगळाच आहे. व्हेरिएबलवर टेंपररी लावायचं राहिलं आणि कोडमध्ये डिलीटऑल (सगळ्या ओळी पुसणं) असेल, तर तो खऱ्या टेबलवर चालतो. 5802 वर लायसन्स आडवं येईल. कस्टमर किंवा सेल्स लाइनवर कोणी वाचवणार नाही. नावाआधी टेंप लावाच, आणि पुसण्याआधी इझटेंपररी (व्हेरिएबल टेंपररी आहे का ते सांगणारं फंक्शन) तपासून नसेल तर एरर द्या.

इन्सर्ट(ट्रू) आणि व्हॅलिडेट टाळा. त्यांनी टेबलाच्या ट्रिगरमधला (आपोआप चालणारा) कोड चालतो आणि तो दुसऱ्या खऱ्या टेबलांत लिहू शकतो. फॉल्स दिलं तरी डेटाबेस इव्हेंटचे सबस्क्रायबर (ओळ लिहिली-बदलली की आपोआप चालणारी फंक्शनं) टेंपररी ओळींवरही चालतात, म्हणून तिथेही पहिली ओळ इझटेंपररीची. फ्लोफील्डवर (इतर टेबलांवरून मोजून दाखवलेलं फील्ड) विसंबू नका. कॅल्कफील्ड्स खऱ्या टेबलांवरून मोजतं. एरर आली तर टेंपररी ओळी रोलबॅक होत नाहीत (आधीच्या स्थितीत परत जात नाहीत), म्हणून एरर लॉग गोळा करायला त्या सोयीच्या. पण पेज तेच उघडं ठेवून पुन्हा भरणार असाल, तर आधी रीसेट आणि डिलीटऑल, नाहीतर आकडे दुप्पट.