टीव्ही माझा, वीजबिल माझं, मग पहिलं पान जाहिरातवाल्याचं कसं?

जुना अँटेना (धागाकर्ता)

सरळ मुद्द्यावर येतो. दोन दिवाळ्यांमागे आपल्या नाशिकच्या एम.जी. रोडवरून ४३ इंची स्मार्ट टीव्ही घेतला, २७ हजार मोजले, ईएमआय वगैरे भानगड नाही. गेल्या महिन्यात रविवारी मिसळ घेऊन घरी आलो तर हा बाबा आपला आपणच अपडेट होत बसलेला. पाव गार झाले तरी आकडा ३८ टक्क्यांवरच. शेवटी चालू झाला आणि पहिल्यांदा काय आलं तर एक पाटी, नवीन अटी मान्य करा, खाली एकच बटण, 'मान्य'. 'नाही' असं बटणच नाही. बॅक दाबलं की परत तीच पाटी. झक मारत मान्य केलं, तर आता चालू केल्यावर वरचा अर्धा स्क्रीन जाहिरात, आणि सेट टॉप बॉक्सची चौकट जी पहिली होती ती पार खाली. आई दुपारी सिरियल लावायला जाते, बोट चुकतं, कुठल्यातरी गाडीची जाहिरात उघडते आणि तिला वाटतं आपल्याच हातून टीव्ही बिघडला. मला आवाज देते, "अरे मी काही केलं नाही रे."

माझं म्हणणं एवढंच आहे की विकलं म्हणजे विकलं. दुकानात बघितला तेव्हा जसा होता तसा मी विकत घेतला, नंतर मला न विचारता तो बदलायचा हक्क कंपनीला कोणी दिला? उद्या सोफा विकणारा रात्री घरात येऊन गादीवर बँकेची जाहिरात छापून गेला तर आपण पोलिसात जाऊ की नाही?

आणि हे आजचं नाही. २००९ साली अॅमेझॉनने लोकांनी पैसे देऊन घेतलेलं पुस्तक त्यांच्या किंडलमधून (ई-पुस्तकं वाचायचं यंत्र) परस्पर काढून घेतलं होतं, पैसे परत केले, नंतर माफीही मागितली, पण दार आपल्या घराचं आणि किल्ली त्यांच्याकडे हे तेव्हाच कळलं होतं. २०१० ला सोनीने प्लेस्टेशन ३ या गेमच्या मशीनच्या अपडेटमधून लिनक्स ही दुसरी ऑपरेटिंग सिस्टिम टाकायची सोयच काढून टाकली, जी सांगून मशीन विकलं होतं. केस झाली, वर्षानुवर्षं चालली, भरपाई म्हणून माणशी किरकोळ डॉलर.

मीडियाबद्दल तर बोलायलाच नको. टीव्ही घेण्याआधी मी मराठी हिंदी मिळून दहाबारा रिव्ह्यू बघितले, एकानेही सांगितलं नाही की उद्या हा टीव्ही होर्डिंग होऊ शकतो. कसं सांगतील, फुकट आलेला टीव्ही, आठ दिवस वापरायचा, 'रंग एकदम पंची आहेत मित्रांनो'. दीड वर्षाने परत त्याच टीव्हीचा रिव्ह्यू करणारा एक माणूस दाखवा, मिसळ माझ्याकडून.

काउंटरवाला

दादा, मी एम.जी. रोडवरच आहे, वीस वर्षं टीव्ही विकतोय, म्हणून दुसरी बाजू ऐका. २०१० च्या आसपास ३२ इंची एलसीडी आम्ही तीस हजाराच्या वर विकायचो. आज ३२ इंची दहा हजाराच्या आसपास सुरू होतो. मधल्या काळात डाळ स्वस्त झाली का? मग टीव्हीच कसा झाला? पॅनल स्वस्त झालं हे खरं, पण कंपनीला पेटीवर काही उरतच नाही, ती उरलेलं जाहिरातीतून काढते. गिऱ्हाईक माझ्याकडे येतं तेव्हा काय विचारतं माहितीये? "ऑनलाइन पाचशेने कमी आहे." अटी काय, अपडेट किती वर्षं, हे वीस वर्षात मला दोन जणांनी विचारलं असेल. बिनजाहिरातीचा पाहिजे ना, आहे की, पाचसहा हजार जास्त पडतील. मी दाखवतो, लोक हात लावून बघतात, हसतात आणि स्वस्तातला उचलतात. आणि शिव्या कोणाला? काउंटरला.

जुना अँटेना

पाचसहा हजार जास्त देऊन घेतलेल्यात दोन वर्षांनी जाहिरात येणार नाही हे लिहून देता का शेठ?

काउंटरवाला

मी कसं लिहून देऊ, कंपनी माझी आहे का.

जुना अँटेना

मग झालं की. तुमचंच उत्तर माझ्या मुद्द्याला पोचलं.

फर्मवेअर भाऊ

मी मूळचा सिडकोतला, आता पुण्यात असल्याच खोक्यांचं सॉफ्टवेअर लिहितो (टीव्ही नाही, पण भावंडच). धागाकर्त्याचा राग बरोबर आहे पण हिशोब कच्चा आहे. अपडेट नाही दिलं तर सुरक्षेतली भोकं तशीच राहतात, हळूहळू अॅप चालेनाशी होतात, मग हीच माणसं म्हणणार कंपनीने वाऱ्यावर सोडलं. अपडेट द्यायला इंजिनियर लागतात, सर्व्हर लागतात, त्याला दर महिन्याला पैसे लागतात. तुम्ही पैसे एकदाच दिले. मग सात वर्षं त्यांनी कशावर जगायचं?

काउंटरवाले शेठ म्हणतात ते आकड्यात पण दिसतं. अमेरिकेतली व्हिझिओ म्हणून टीव्ही कंपनी आहे, २०२१ च्या एका तिमाहीत तिला टीव्ही विकून जेवढा ढोबळ नफा झाला त्याच्या दुपटीपेक्षा जास्त जाहिराती आणि डेटाच्या धंद्यातून झाला. म्हणजे टीव्ही हे आमिष, धंदा दुसराच. आवडो न आवडो, किंमत तशीच ठरलेली आहे.

जुना अँटेना

हीच ना ती व्हिझिओ जिला २०१७ मध्ये २२ लाख डॉलर भरायला लागले? एक कोटी दहा लाख टीव्हींवर लोक काय बघतात ते सेकंदासेकंदाला नोंदवून विकत होती, लोकांची परवानगी न घेता. चांगलं उदाहरण दिलंस भाऊ.

सुरक्षेच्या अपडेटला कोण नाही म्हणतंय? तू भोक बुजवायला घरात येतोयस, ये, चहा पी. पण भोक बुजवता बुजवता हॉलमध्ये स्वतःचा स्टॉल लावायचा नाही. ही दोन अपडेट वेगळी देता येतात की नाही, इंजिनियर म्हणून खरं सांग.

फर्मवेअर भाऊ

येतात. कोणी मागत नाही म्हणून देत नाहीत. आणि खरं सांगायचं तर वेगळी दिली तर जाहिरातीचं अपडेट कोणीच टाकणार नाही हे मीटिंगमधल्या सगळ्यांना माहीत असतं.

नोटप्रेस निवृत्त

आमच्या वेळी रेडिओच्या मागच्या झाकणाच्या आतल्या बाजूला सर्किटचा नकाशा चिकटवलेला असायचा. रविवार कारंजावरचा कारागीर तो बघून दुरुस्त करायचा. आता झाकण उघडलं की वॉरंटी जाते म्हणतात. केबलवर तासाला बारा मिनिटांपेक्षा जास्त जाहिरात नको असा नियम कागदावर आहेच, पाळतो कोण ते घड्याळ लावून बघावं, मी बघितलंय, रिकामटेकडा असल्यामुळे. पण मला एक कळत नाही, एवढा त्रास आहे तर तो टीव्ही वायफायला जोडताच कशाला?

सोल्डरदादा

काकांनी कारागिराचा विषय काढला म्हणून लिहितो. माझं सातपूरला छोटं दुकान आहे. जाहिरातीचं सोडा, खरी लूट दुरुस्तीत आहे. महिन्याला चारपाच टीव्ही असे येतात की आवाज आहे, चित्र नाही. गिऱ्हाईक आधी सर्व्हिस सेंटरला जाऊन आलेलं असतं, तिथे सांगितलेलं असतं पॅनल गेलं, खर्च नव्या टीव्हीच्या जवळपास, त्यापेक्षा एक्सचेंज करा. मी खोलीतला लाइट बंद करतो आणि मोबाइलचा टॉर्च स्क्रीनला तिरका टेकवून धरतो. आत अंधुक माणसं हलताना दिसतात. दिसली म्हणजे पॅनल जिवंत आहे, फक्त मागची बॅकलाइटची एलईडी पट्टी गेलीय. पट्ट्या बदलायच्या, जपून, कारण पॅनल उचलताना काच तडकली की मेलो आपण. दीडदोन हजारात काम होतं. एका आजीला टॉर्च लावून तिचीच सिरियल दाखवली तर रडायला लागली, कारण जुना टीव्ही मुलाने पहिल्या पगारातून घेतला होता आणि तो फेकायचा ठरलेला.

मला कंपनी पार्ट विकत नाही. पट्टी मी दिल्लीहून मागवतो, मॉडेल नंबरवरून अंदाजाने, कधी एलईडी दोन मिलिमीटर इकडेतिकडे निघतात. सॉफ्टवेअरची फाइल तर अजिबात नाही, अपडेटमध्ये लाइट गेले आणि टीव्ही लोगोवर अडकला तर ती फाइल शोधत रात्र जाते. आणि शेठ, राग मानू नका, एक्सचेंजचा टीव्ही तुम्ही हजारबाराशेला घेता तो पुढे कुठे जातो हे मला माहितीये, कारण त्यातले काही माझ्याच टेबलवर येतात.

काउंटरवाला

येतात ना? मग तुमचा धंदा माझ्यामुळेच चाललाय की. 😀

उपनगरची ताई

सगळे भांडताय छान, तक्रार किती जणांनी केली? मी ग्राहक चळवळीत थोडंफार काम करते म्हणून सांगते. ३० नोव्हेंबर २०२३ ला केंद्रीय ग्राहक संरक्षण प्राधिकरणाने डार्क पॅटर्नवर (गिऱ्हाईकाला फसवून नको ते करायला लावणाऱ्या स्क्रीनवरच्या युक्त्या) मार्गदर्शक तत्त्वं काढली, तेरा प्रकार नावानिशी दिलेत. 'मान्य करा नाहीतर पुढे जाऊ नका' याच्या जवळ जाणारा प्रकार त्यात आहे, जबरदस्तीची कृती. सारखं सारखं टोचत राहणं हाही आहे. ग्राहक हेल्पलाइनच्या १९१५ नंबरला फोन करा, मराठीत बोललं तरी चालतं. ऐकलं नाही तर जिल्हा ग्राहक आयोग, वस्तूसाठी मोजलेले पैसे पाच लाखापर्यंत असतील तर फी शून्य, वकील लावायची सक्ती नाही, ऑनलाइन दाखल होते. मुदत कारण घडल्यापासून दोन वर्षं.

आणि अँटेना, एक कडू गोष्ट. तू 'मान्य' दाबलंस. पाटीचा फोटो काढला होतास का? आयोगासमोर राग नाही, कागद चालतो.

जुना अँटेना

फोटो नाही काढला. हातात मिसळ होती ताई.

बागायतदार निफाड

तुमचा टीव्ही बरा म्हणायचा, चालतो तरी. आमच्या बागेत हवामान यंत्र बसवलं होतं, पानांचा ओलावा, पाऊस, आर्द्रता मोजून मोबाइलवर सांगायचं की डावणीचा (द्राक्षावरचा रोग) धोका आहे, फवारा मारा किंवा थांबा. दोन फवारे वाचले तरी पैसे वसूल म्हणून घेतलं. तीन सीझन झकास. चौथ्याला ऐन छाटणीनंतर अॅप उघडेना. फोन केला तर कंपनी दुसऱ्या कोणीतरी घेतली, जुनी यंत्रं 'सपोर्ट' नाहीत, नवीन घ्या. अरे सेन्सर चांगला आहे, सोलर चांगला आहे, पाऊस पडला की आतली पन्हाळी आजही खाली वर होते, टिक टिक आवाज येतो उभं राहिलं की. मोजतंय ते. फक्त मला सांगत नाही. आता त्या खांबावर कावळा बसतो.

फर्मवेअर भाऊ, याचं उत्तर द्या. मी तर वार्षिक पैसे पण भरत होतो.

फर्मवेअर भाऊ

याला उत्तर नाही माझ्याकडे. सर्व्हर बंद करताना त्यांनी डेटा थेट मोबाइलवर घ्यायची सोय उघडी करून द्यायला पाहिजे होती, आठवड्याचं काम असतं. मी मागे एका यंत्राला ते करायची परवानगी मागितली होती, मिळाली नाही. तुमच्या यंत्रात सिमकार्ड आहे का? असेल तर आतल्या बोर्डचा फोटो टाका, सीरियल पोर्ट सापडला तर आकडे तरी बाहेर काढू.

सोल्डरदादा

निफाडला मी येऊ शकतो गुरुवारी, त्या दिवशी दुकान बंदच असतं. द्राक्षं खायला घाला.

बागायतदार निफाड

सीझन नाही सध्या, पण या. जेवूनच जा.

नोटप्रेस निवृत्त

माझ्या प्रश्नाचं उत्तर राहिलं. वायफाय.

जुना अँटेना

काका, काढलं काल. टीव्हीचा वायफाय पासवर्डच विसरायला लावला आणि सेट टॉप बॉक्स सरळ एचडीएमआयला. आई खूश, म्हणे टीव्ही 'नीट झाला'. वरची जाहिरातीची जागा आता राखाडी रिकामी चौकट आहे. म्हणजे स्मार्ट टीव्हीचे पैसे देऊन साधा टीव्ही वापरतोय, बिनजाहिरातीचा म्हणून मी जास्त पैसे मोजायला तयार नव्हतो असं शेठ म्हणत होते ना, मोजले बघा, वेगळ्या रस्त्याने. आणि इंटरनेटवरचं बघायला टीव्हीला लावायची वेगळी काडी (स्टिक) घ्यायची तर तिच्यातही जाहिराती, प्राइम व्हिडिओने तर २०२५ च्या जूनपासून वर्गणी भरणाऱ्यांनाही जाहिराती लावल्या, नको असतील तर वर ६९९. कुठून कुठे पळणार.

काउंटरवाला

हे बघा, तुम्हीच मान्य केलं, पैसे दिले की जाहिरात जाते. धंदा आहे. तुम्ही याला हक्क म्हणता, मी किंमत म्हणतो, आपलं नाही जमणार.

उपनगरची ताई

शेठ, किंमत ती जी घेताना सांगतात. नंतर वाढवतात तिला दुसरं नाव आहे. अँटेना, तू १९१५ ला फोन केलास का?

जुना अँटेना

केला ताई. तक्रार क्रमांक मिळाला. मॉडेल, सीरियल नंबर सगळं दिलं, मग म्हणाले बिलाची प्रत अपलोड करा. कपाटातून बिल काढलं तर थर्मल कागद, पूर्ण कोरा पांढरा. टॉर्च लावून पण बघितलं सोल्डरदादा, काही दिसत नाही.

काउंटरवाला

दुकान कोणतं ते इथे नका लिहू. पण दत्तमंदिराच्या बाजूचं असेल तर ते आमच्या भावाचं आहे. खरेदीच्या वेळी दिलेला मोबाइल नंबर घेऊन उद्या अकरानंतर या, कॉम्प्युटरमध्ये असणार, ए-फोरवर काढून देतो शिक्क्यासकट. तुमचं मला पटलेलं नाही हे लक्षात ठेवा.