माझी गणिताची धास्ती मुलांमध्ये उतरतेय का?

प्रश्न (छात्राध्यापिका, दुसरं वर्ष)

मागच्या आठवड्यात माझा सराव पाठ झाला, अपूर्णांकांचा भागाकार. पाठ टाचण चोख होतं. फळ्यावर १¾ ÷ ½ मांडलं, "दुसरा अपूर्णांक उलटा करा आणि गुणा" म्हटलं, उत्तर आलं साडेतीन. मागच्या बाकावरची मुलगी म्हणाली, "बाई, भागल्यावर कमी व्हायला हवं ना? मग पावणेदोनाचे साडेतीन कसे झाले?"

माझ्या पोटात गोळा आला. "नियमच आहे तसा," म्हणून पुढे सरकले. ती गप्प बसली, नियम उतरवून घेतला.

निरीक्षण वहीत शेरे आले: आवाज स्पष्ट, फलकलेखन उत्तम. तिच्या प्रश्नाबद्दल अक्षरही नाही. शाळेपासून मला गणिताची धास्ती आहे, प्रशिक्षणात ती जाईल असं वाटलं होतं. पण भागाकार म्हणजे काय, हे मला इथे कुणी विचारलंच नाही. ही भीती मुलांमध्ये उतरते का? आणि आता काय करू?

उत्तर १ (छात्राध्यापकांना गणित शिकवते)

उतरू शकते. मानसशास्त्रज्ञ सायन बीलॉक आणि सहकाऱ्यांनी २०१० साली पहिली-दुसरीच्या १७ शिक्षिकांच्या वर्गांचा अभ्यास प्रसिद्ध केला. ज्या बाईंना गणिताची धास्ती जास्त, त्यांच्या वर्गातल्या मुलींपैकी अनेकींना वर्षअखेरीस "गणित मुलग्यांचं" असं वाटू लागलं होतं, आणि त्याच मुली गणितात मागे पडल्या होत्या. वर्षाच्या सुरुवातीला हा फरक नव्हता.

तुझं उदाहरणही योगायोगाने प्रसिद्ध आहे. गणितशिक्षणाच्या अभ्यासक लिपिंग मा यांनी हेच १¾ ÷ ½ शिक्षकांना दिलं होतं. २३ अमेरिकी शिक्षकांपैकी निम्म्यांनाही ते बिनचूक सुटलं नाही. ७२ चिनी शिक्षकांपैकी सगळ्यांना सुटलं, तेही शिक्षणाची वर्षं कमी असताना. म्हणजे पदव्यांनी हे सुटत नाही.

मी दर वर्षी पहिल्या तासाला सगळ्यांना कागदाच्या पट्ट्या देते. एक पूर्ण पट्टी, एक पाऊण, चिकटवून पावणेदोन. मग अर्ध्या पट्टीने मोजायचं: किती वेळा बसते? तीनदा बसते आणि पाव पट्टी उरते. इथे जवळजवळ सगळा वर्ग "सव्वातीन!" म्हणतो. मी थांबते. उरलेला तुकडा पाव पट्टीचा खरा, पण आपण मोजतोय अर्ध्या पट्टीने, आणि त्या मापाचा तो निम्मा. म्हणून साडेतीन. हे उमगतं तेव्हा वर्षानुवर्षं "मला गणित येत नाही" म्हणणाऱ्या मुली शेजारणीला समजावायला वळतात. त्यासाठीच मी शिकवते. गणिताचे खेळ आणि रंगीत तक्ते मीही वापरते, पण आतलं गणित उघडलं नाही तर भीती तशीच राहते, नुसती सजते.

त्या मुलीकडे परत जा. "तुझा प्रश्न बरोबर होता, मला तेव्हा सांगता आलं नाही," असं सरळ सांग.

उत्तर २ (प्राथमिक शिक्षक)

बाईंचं पटतं, पण सगळा भार या छात्राध्यापिकेवर नको. निरीक्षण तक्त्यात "मुलांच्या प्रश्नाचं काय केलं?" असा रकानाच नसेल, तर छात्राध्यापक आवाज आणि अक्षरच जपणार. मीही तेच केलं. नोकरीला लागल्यावर पाच वर्षं मुलांचे प्रश्न टाळले, याची आजही खंत आहे.

प्रश्नकर्ती

काल रात्री पट्ट्या कापल्या. मीसुद्धा आधी सव्वातीनच म्हणाले! उरलेला तुकडा अर्ध्या पट्टीवर ठेवून बघितला तेव्हा कळलं. गुरुवारी त्याच वर्गावर तास मागून घेतलाय.

एकच अडलंय. ⅓ ÷ ½ ला काय म्हणायचं? अर्धी पट्टी तर एकदाही बसत नाही.

उत्तर १

छान अडलीस! अर्धी पट्टी खाली ठेव, तिच्यावर एक तृतीयांशाची ठेव. खालच्या पट्टीचा किती भाग झाकला गेला ते बघ, आणि मग इथे लिही.