हाय इंटेन्सिटी क्लास, सप्लिमेंट आणि ती 'सेफ' गोळी : सल्ला हवा (बडोदा)

मकरपुरा_शिफ्ट : वय ३१, वजन ७२, शाकाहारी. अलकापुरीकडे संध्याकाळी साडेसातचा क्रॉसफिट टाइपचा क्लास करतो. बर्पी, थ्रस्टर, रोइंग सगळं जमतं, पण क्लासच्या बोर्डावर लिहितात ते टायमिंग काही केल्या खाली येत नाही. कोच म्हणतो, ऑक्सँड्रोलोन या स्टेरॉइड गोळीची सहा आठवड्यांची सायकल मार (तेवढे दिवस घ्यायची, मग बंद), एकदम माइल्ड आहे, बायकासुद्धा घेतात. स्पर्धेबिर्धेत उतरायचं नाहीये. महिना तीन हजारांत काय घेऊ? क्रिएटिन पावडरने किडनी जाते असं आई म्हणते.

सुरसागरी : भाई, आधी झोपतोस किती ते सांग.

मकरपुरा_शिफ्ट : पाच-साडेपाच तास. क्लासआधी कॅफिनवाली प्री-वर्कआउट पावडर घेतो, मग दोनपर्यंत टक्क जागा.

सुरसागरी : झालं तर मग. टायमिंग कुठे अडलंय ते तूच सांगितलंस.

रिपोर्टवाली : पॅथॉलॉजी लॅबमध्ये काम करते, म्हणून जरा सविस्तर लिहिते. मोठं ऑपरेशन किंवा भाजणं यानंतर वजन भरून यावं म्हणून वापरायचं औषध म्हणजे हे ऑक्सँड्रोलोन. अमेरिकेत त्याची मान्यता २०२३ मध्ये काढून घेतली. अशी तोंडाने घ्यायची स्टेरॉइड्स यकृताने लगेच मोडू नयेत म्हणून मुद्दाम तशी बनवलेली असतात, त्याचा भार यकृतालाच सोसावा लागतो. एचडीएल, म्हणजे चांगलं कोलेस्टेरॉल, धाडकन खाली येतं. बाहेरून हॉर्मोन मिळालं की मेंदू एलएच आणि एफएसएच (अंडकोषांना कामाला लावणारी हॉर्मोन्स) सोडायचं कमी करतो. मग स्वतःचं टेस्टोस्टेरॉन घटतं, शुक्राणूही. सायकल सहा आठवड्यांची असली तरी गाडी रुळावर यायला महिने लागू शकतात. मूल हवं असेल तर हे दोनदा वाचा.

आणि हो, जोरदार वर्कआउटच्या दुसऱ्या दिवशी रक्त द्यायला येऊ नका. एसजीओटी (लिव्हरच्या तपासणीत बघतात ते), सीपीके (स्नायूंचं एन्झाइम) स्नायूंमुळेच वाढलेले दिसतात आणि घरी लिव्हरच्या नावाने रडारड सुरू होते. क्रिएटिन घेणाऱ्याचं क्रिएटिनिनही (किडनीच्या तपासणीतला आकडा) थोडं वर दिसतं, तेवढ्यावरून किडनी बिघडली असं होत नाही. डॉक्टरांना सांगून ठेवा, म्हणजे झालं. किडनीचा जुना त्रास असेल तर मात्र विचारूनच घ्या. क्लासनंतर लघवी कोलासारखी काळपट झाली तर थांबू नका, सरळ हॉस्पिटल गाठा.

दांडियाबाजारचे_काका : आमच्या वेळी जुम्मादादा व्यायाम मंदिरात दंड, बैठका, मल्लखांब आणि वर दूध. कसली सायकल अन् कसलं काय.

सुरसागरी : काका, मान्य. पण डोपिंगमध्ये पैलवानही सापडतात हो.

सोया_सम्राट : २०१७ च्या क्रॉसफिट गेम्समध्ये (क्रॉसफिटची जागतिक स्पर्धा) तिसरा आलेला रिकी गॅरार्ड टेस्टोलोन आणि एन्ड्युरोबोल ही बंदी असलेली औषधं सापडल्यामुळे चार वर्षं बाद झाला. त्याच्यासमोर निदान पदक तरी होतं. तुझ्यासमोर काय, फळ्यावर मार्करने लिहिलेलं नाव?

आता खर्चाचं. क्रिएटिन मोनोहायड्रेट, साधंच, रोज ३ ते ५ ग्रॅम. शाकाहाऱ्यांच्या स्नायूंत ते मुळातच कमी असतं, त्यामुळे फरक जास्त जाणवतो. प्रोटीन किलोमागे १.६ ग्रॅम धर, म्हणजे तुला साधारण ११५. पन्नास ग्रॅम सोया वडीत २६ येतं, शंभर ग्रॅम पनीरमध्ये १८ च्या आसपास, उरलेलं दूध, डाळ आणि एक स्कूप व्हे (दुधापासूनची प्रोटीन पावडर). सेव-उसळीतली सेव प्रोटीनमध्ये धरू नकोस, मी लोकांना धरताना पाहिलंय. डब्यावर एफएसएसएआयचा (सरकारी अन्नसुरक्षा संस्था) १४ आकडी लायसन्स नंबर आणि आयातदाराचं नाव बघ. सुटी पावडर कितीही स्वस्त मिळो, नको. प्री-वर्कआउट आधी बंद. संध्याकाळच्या क्लासला कॅफिन म्हणजे झोपेची वाट.

मकरपुरा_शिफ्ट : क्लासमधला एक जण इंजेक्शन घेतो, मेफेन्टरमिन. म्हणतो फुल एनर्जी येते.

रिपोर्टवाली : ऑपरेशनच्या वेळी बीपी पडलं तर ते वर आणायला देतात ते. निरोगी माणसाने टोचून घेतलं की हृदय सुसाट धावतं, आणि सवयही लागते. त्याला फिजिशियनकडे न्या, आणि काय घेतो ते खरं सांगायला लावा. डॉक्टर पोलिसांत देत नाहीत.

मकरपुरा_शिफ्ट : बोलतो त्याच्याशी. क्रिएटिन सकाळी घेऊ की क्लासनंतर?

सोया_सम्राट : कधीही. फक्त रोज घे.