सापाची टोकाची भीती वाटणाऱ्यांनो, अनुभव सांगाल?

गेल्या आठवड्यात जिन्याच्या वळणावर कुणीतरी पाण्याचा हिरवा पाइप गुंडाळून ठेवला होता. तो पाइप आहे हे डोक्यात शिरेपर्यंत मी दोन मजले खाली पोचले होते. एक चप्पल वरच राहिली होती, आणि रेलिंगवरची बोटं काही केल्या सुटत नव्हती. पाइप आहे हे कळलं तरी धडधड थांबेना. मी बराच वेळ पायरीवर बसून होते. शेवटी शेजारच्या काकूंना हाक मारली आणि त्यांच्यासोबत वर गेले.

साप नुसता आवडत नसता तर मी हे लिहायला बसले नसते. शाळेत असताना विज्ञानाच्या पुस्तकातली दोन पानं मी एकमेकांना चिकटवून टाकली होती. आजही झोपण्याआधी पांघरूण झटकते, उशी उलटून पाहते, दिवा घालवते आणि पुन्हा लावून बघते. याला ऑफिडिओफोबिया म्हणतात हे डॉक्टरांनी सांगितलं तेव्हा मला रडूच आलं. नाव आहे म्हणजे हे आणखी कुणाला तरी होतं. खऱ्या धोक्याच्या मानाने कितीतरी मोठी, सहसा सहा महिने किंवा त्याहून जास्त टिकलेली आणि रोजचं जगणं अडवणारी भीती असेल तर तिला फोबिया म्हणतात, असं त्यांनी समजावलं.

ज्यांना ही भीती आहे, ज्यांच्या घरात कुणाला आहे, ज्यांनी उपचार घेतले, सगळ्यांनी लिहा. फोटो मात्र नकोत. आणि ‘त्यात काय एवढं घाबरायचं’ हे वाक्यही नको. ते आम्ही लहानपणापासून ऐकतोय.

*

मी आयुष्यात खरा साप एकदाही पाहिलेला नाही. तरीही माझे हातपाय गार पडतात. पुष्कळ विचार केल्यावर लक्षात आलं की ही भीती मला आईकडून आली. टीव्हीवर साप दिसला की आई पाय वर घ्यायची, पदर तोंडाला लावायची आणि माझा दंड इतका घट्ट धरायची की वळ उठायचे. मी पडद्याकडे बघतच नसे, तिच्या चेहऱ्याकडे बघत असे.

मानसशास्त्रज्ञ सुझन मिनेका यांनी १९८०च्या दशकात माकडांवर केलेले प्रयोग पुढे वाचनात आले. प्रयोगशाळेत वाढलेली माकडं सापाला घाबरत नव्हती. पण दुसरं माकड सापाला घाबरताना त्यांनी पाहिलं आणि तीही घाबरायला लागली. नंतर चित्रफितीत फेरफार करून, ते माकड जणू फुलाला घाबरतंय असं दाखवलं. फुलाची भीती मात्र त्यांना बसली नाही. म्हणजे सापाची भीती जन्मतः पक्की नसली, तरी ती शिकायला मन तयारच असतं. हे वाचून आईवरचा माझा राग गेला. तीही कुणाचा तरी चेहरा बघूनच शिकली असणार.

आता माझी मुलगी चार वर्षांची आहे. तिच्या चित्रांच्या पुस्तकात ‘तो’ आला की मी पान उलटत नाही. श्वास धरते आणि शांत आवाजात नाव सांगते. माझ्या मानेवरून घाम उतरत असतो. तिला अजून काही कळलेलं नाही.

*

मला शब्दसुद्धा चालत नाही. ‘जनावर’ किंवा ‘लांबडं’ म्हणतो. मोबाइलवर व्हिडिओ आपोआप सुरू होतात, त्याचा सगळ्यात जास्त त्रास होतो. ते सेटिंग बंद करता येतं. ज्यांना माहीत नसेल त्यांनी आधी ते करा.

*

मला ही भीती नाही, माझ्या नवऱ्याला आहे. लग्नानंतर पहिल्याच वर्षी मी गंमत म्हणून त्याच्यासमोर रबरी साप धरला होता. उंचापुरा माणूस भिंतीला टेकून खाली बसला. दातखीळ बसल्यासारखं झालं होतं, नजर कुठेच नव्हती. त्या दिवसाची मला अजून लाज वाटते. आता सिनेमा आधी मी एकटी बघते आणि त्याला सांगते, ‘अमुक प्रसंग आला की स्वयंपाकघरात जा, मी हाक मारीन.’ माझं करणं बरोबर आहे की नाही, कळत नाही.

*

वरच्या ताई, तुमच्या मनात प्रेम आहे म्हणून तुम्ही हे करता. तरी माझा अनुभव सांगते, कारण मी तीन वर्षांपूर्वी उपचार घेतले.

माझ्या सायकॉलॉजिस्टनी पहिल्याच भेटीत विचारलं, ‘टाळल्यावर कसं वाटतं?’ मी म्हटलं, ‘सुटल्यासारखं.’ त्या म्हणाल्या, ‘त्या सुटकेवरच भीती पोसली जाते. टाळलं म्हणून वाचलो, असं मेंदू दर वेळी नोंदवून ठेवतो.’ मला चक्कर येऊन पडण्याचीही धास्ती होती. रक्त पाहून काहींचा रक्तदाब एकदम उतरतो आणि ते बेशुद्ध पडतात. प्राण्यांच्या भीतीत रक्तदाब आणि नाडी उलट वाढतात, त्यामुळे सहसा तसं होत नाही, हे त्यांनी सांगितलं. तेवढ्यानेही मला धीर आला.

मग आम्ही भीतीची शिडी केली. सगळ्यात खालच्या पायरीवर कागदावर लिहिलेला ‘साप’ हा शब्द. मग पेन्सिलीची वळणदार रेघ, मग काळापांढरा फोटो, मग आवाज बंद केलेला व्हिडिओ. प्रत्येक पायरीवर शून्य ते शंभरमध्ये भीतीचा आकडा सांगायचा आणि तो उतरेपर्यंत तिथून हलायचं नाही. नुसत्या शब्दाला माझा आकडा सत्तर होता.

सातव्या भेटीला त्यांनी पुठ्ठ्याच्या खोक्यात कात आणली. पहिल्या दिवशी खोकं खोलीच्या पलीकडच्या टोकाला होतं, पुढच्या वेळी टेबलावर. शेवटी त्यांनी कात आपल्या तळहातावर घेतली आणि मी त्यांच्या मनगटावर हात ठेवला. असंच, आधी दुसऱ्याने हाताळायचं आणि मग आपण सोबतीने पुढे सरकायचं, ही पद्धत मानसशास्त्रज्ञ अल्बर्ट बंडुरा यांनी १९६९ साली सापाला घाबरणाऱ्या लोकांवर वापरली होती. नुसती फिल्म दाखवण्यापेक्षा ती जास्त परिणामकारक ठरली.

कात वाळक्या कागदासारखी होती. वजन जाणवतच नव्हतं. डोक्याच्या बाजूला दोन बारीक, गोल, काचेसारखे पापुद्रे होते. सापाला पापण्या नसतात, डोळ्यावर पारदर्शक खवला असतो आणि कातीबरोबर तोही निघतो. मी त्या दोन गोलांकडे किती वेळ बघत होते कोण जाणे. आकडा विचारला तेव्हा मी पस्तीस म्हटलं.

*

शिडी चढा, पण तुम्हाला कुणी ढकलत असेल तर ठाम नकार द्या. कॉलेजात मित्रांनी ‘एकदा धरलास की भीती जाईल’ म्हणत मला पकडून ठेवलं आणि गळ्यात साप घातला. बिनविषारी होता, पण माझ्या लेखी त्याने काहीच फरक पडला नाही. त्यानंतर दोन वर्षं मी दिवा चालू ठेवून झोपलो. उपचारात पुढची पायरी आपल्या संमतीनेच येते. माझ्याशी मित्र जे वागले त्याला मी उपचार म्हणणार नाही.

*

माझं काम शेताच्या बांधांवर, झाडीत असतं, म्हणून एक गोष्ट सांगावीशी वाटते. भीती गेली पाहिजे, सावधपणा जाता कामा नये. जगभरात दरवर्षी ८१ हजार ते १ लाख ३८ हजार माणसं सर्पदंशाने दगावतात, असा जागतिक आरोग्य संघटनेचा अंदाज आहे. म्हणून बूट झटकून घालावेत, अंधारात टॉर्च घ्यावा, न बघता बिळात किंवा ओंडक्याखाली हात घालू नये. चावलाच तर घट्ट दोरी बांधू नये, चिरा देऊ नये, तो भाग हलू न देता तडक दवाखाना गाठावा. हे एवढं केलं की माझ्यापुरतं मन शांत होतं. घरातली चादर तिसऱ्यांदा झटकायची वेळ आली की मी स्वतःला विचारतो, ‘ही कुठली, टॉर्चवाली की दुसरी?’

*

मूळ धागा लिहिणारी मीच. तुमचं सगळं दोनदा वाचलं. काल कपाटातून ते शाळेचं पुस्तक काढलं. डिंक वाळून पिवळा पडला होता, तरी पानं घट्ट होती. वरच्या कोपऱ्यातून नखाने बोटभर सुटी केली. आत मजकूर दिसला, चित्र अजून खाली आहे. आकडा साठ होता. तो पंचेचाळीसवर येईपर्यंत पुस्तक हातात धरून बसले, मग तिथे पेन्सिलीने आजची तारीख घातली आणि मिटलं.