मदत हवी आहे: डिलीट केलेली मेल जाते कुठे?

नमस्कार मंडळी,
जुना लॅपटॉप भाच्याला द्यायचाय. त्याआधी वर्षानुवर्षांच्या मेल उडवल्या, ट्रॅशही रिकामा केला. मेल ब्राउझरमध्ये नाही, लॅपटॉपवरच्या प्रोग्राममध्ये बघतो. पण इनबॉक्सची फाइल होती तेवढीच, ४१० एमबी! टेक्स्ट एडिटरमध्ये उघडली, तर एक जुनं भांडण शब्दन् शब्द हजर. (तेव्हा रोमन लिपीत मराठी लिहायचो, त्यामुळे वाचवत नव्हतं ते वेगळंच.) माझं काय चुकतंय?

प्रतिसाद १
चुकत काही नाही. बऱ्याच प्रोग्राममध्ये अख्खा फोल्डर म्हणजे एकच लांबलचक फाइल असते, एमबॉक्स म्हणतात तिला. मधली एक मेल काढायची तर पुढचं सगळं पुन्हा लिहावं लागेल, म्हणून प्रोग्राम त्या मेलवर नुसती फुली मारतो. फोल्डर 'कॉम्पॅक्ट' करा, मग फाइल नव्याने लिहिली जाते. आयमॅपवरही (मेल सर्व्हरवरच ठेवून प्रोग्राममधून बघायची पद्धत) तसंच: आधी 'डिलीटेड' अशी खूण, आणि 'एक्सपंज' आदेश गेल्यावरच मेल निघते.

प्रतिसाद २
आणि सर्व्हरचं काय? जीमेल ट्रॅशमध्ये ३० दिवस ठेवतं. ट्रॅश रिकामा केला तरी बॅकअपमधल्या प्रती ६ महिन्यांपर्यंत राहू शकतात, हे गूगलनेच लिहून ठेवलंय. बॅकअप असतोच मुळी 'चुकून उडवलं' म्हणणाऱ्यांसाठी. इराण-काँट्रा प्रकरणात (अमेरिकेने इराणला गुपचूप शस्त्रं विकली होती, ते) व्हाइट हाउसमधला अधिकारी ऑलिव्हर नॉर्थ याने १९८६ साली तिथले आपले संदेश पुसले होते, ते बॅकअप टेपवर सापडले! शिवाय ज्याच्याशी भांडलात त्याच्याकडे प्रत आहेच, तिला तुमचं डिलीट लागू नाही.

धागाकर्ता
कॉम्पॅक्ट केलं, फाइल ३५ एमबीवर आली. आता भांडण गेलं ना? डिस्क एसएसडी आहे, म्हणजे फिरत्या तबकडीऐवजी चिपवाली.

प्रतिसाद १
फाइलमधून गेलं. पण जुनी फाइल डिस्कवर ज्या जागी होती ती जागा फक्त 'मोकळी' ठरली, लगेच पुसली गेली असं नाही. हार्ड डिस्क असती तर वरून दुसरं काही लिहा म्हटलं असतं. एसएसडी झीज वाटून घ्यायला नवा मजकूर भलत्याच जागी लिहिते, त्यामुळे त्या उपायाचा भरवसा नाही. हव्या त्या फायली बाहेर काढा, एसएसडीचा स्वतःचा 'सिक्युअर इरेज' आदेश चालवा आणि सिस्टिम नव्याने टाका. पुढच्या लॅपटॉपवर पहिल्या दिवसापासून एनक्रिप्शन (किल्लीशिवाय वाचता येणार नाही अशा सांकेतिक रूपात सगळं साठवणं) चालू ठेवा, म्हणजे देताना किल्ली नष्ट केली की झालं.

धागाकर्ता
धन्यवाद दोघांनाही. फोटो काढून घेतोय, रात्री इरेज चालवतो. समोरच्याकडच्या प्रतीचं मात्र काही करता येत नाही, नाही का?

प्रतिसाद २
फोन करून बघा. कदाचित त्यानेही डिलीट केली असेल. म्हणजे फुली तरी मारली असेल.